खुंट्याची अडुसष्टावी हार

त्याला सगळे खुंटा म्हणायचे. नवीन खोंड दावणीला आणलं की आधी खुंट्याला बांधून बघतात, किती ओढतंय, किती उड्या मारतंय. तसंच बॉक्सिंगच्या धंद्यात नवीन गडी उतरवायचा झाला की आयोजक म्हणायचे, "आधी खुंट्याशी लावा." खुंटा सात-आठ राउंड मार खायचा, मधूनच समोरच्याला घरची आठवण यावी असा एखादा ठोसा ठेवून द्यायचा आणि शेवटी हरायचा. अठरा वर्षांत शहात्तर लढती. नऊ जिंकल्या, सदुसष्ट हरल्या. त्यातली एकही हार विकलेली नव्हती.

"मला हरायला बोलावतात हे खरं," तो म्हणायचा. "पण हरवायचं काम समोरच्याचं. ते मी का करून देऊ?"

पोटापाण्याला बर्फाचा कारखाना होता. पायात गमबूट, खांद्यावर गोणपाट, हातात लोखंडी आकडा. साच्यातून निघालेली लादी आकड्याने ओढायची, फळीवरून घसरवत गाडीत रचायची. दिवसाला दीडशे लाद्या. नाक तीनदा मोडलेलं; चौथ्यांदा मोडायला त्यात हाडच उरलं नव्हतं. डावा कान उकडून चुरगळलेल्या बटाट्यासारखा. बायको म्हणायची, "लोकांचे नवरे आरशात बघून दाढी करतात. आमचा चाचपून करतो, आरसा घाबरतो म्हणून."

आणि त्याची एक खोड होती. हरला की तो जिंकलेल्याच्या खोलीत जायचा, बर्फाची पिशवी घेऊन.

स्वतःची भुवई फाटलेली, ओठ लोंबतोय, आणि हा दार ढकलून आत. "बस रे खाली," म्हणायचा. बर्फ मानेवर धरायचा, कपाळावर धरायचा, मग तुकडा त्याच्या डाव्या हातात द्यायचा, मग उजव्या. तोंडाशी तोंड नेऊन डोळ्यांत बघायचा. तिसऱ्या राउंडला काय झालं, चौथ्याला काय झालं, असं गप्पा मारल्यासारखं विचारायचा. पंधरा-वीस मिनिटं बसायचा नि उठायचा. जिंकणाऱ्यांना मजा वाटायची. बाकीचे म्हणायचे, हा हरतोही आणि वर वारा घालायलाही जातो. वर्तमानपत्रात एकदा त्याचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'खेळाडूवृत्तीचा आदर्श'. कारखान्यातल्या लोकांनी तो फोटो बर्फाच्या लादीत गोठवून त्याला भेट दिला.

खरं कारण बायकोला माहीत होतं आणि बायकोच्या भावाला. बाकी कुणाला नाही.

अकरा वर्षांमागे तो एका डावखुऱ्याशी हरला होता. त्या गड्याचा धंदा शिवणकामाचा, म्हणून त्याला शिंपीच म्हणायचे. दहा राउंड झाले. शिंपी गुणांवर जिंकला, खुंट्याने त्याचा हात धरून वर केला, दोघे हसले. शिंपी मित्रांबरोबर गेला, भरपूर जेवला, डोकं दुखतंय म्हणाला, लवकर झोपला आणि सकाळी उठलाच नाही. पोलीस खुंट्याकडे आले, दोन प्रश्न विचारून गेले. दोष कुणाचाच नव्हता. पण सरकारी डॉक्टर त्याला एवढंच म्हणाला, "हरणाऱ्याला सगळे तपासतात हो. जिंकणाऱ्याच्या पाठीवर थापा मारतात. एकाने जरी त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं असतं!"

खुंटा घरी आला आणि त्याने घराच्या भिंतीवर डोकं आपटून घेतलं. भिंतीचं प्लास्टर पडलं. तेव्हापासून बर्फ.

हे तो उघड बोलला असता तर दारात कुणी उभं केलं नसतं. 'तू मरतोयस का ते बघायला आलोय' असं जिंकणाऱ्याला सांगणार कोण?

खुंट्याची सत्त्याहत्तरावी लढत शेवटची ठरली होती. वय एकोणचाळीस. हॉलच्या मालकाने शब्द दिला होता, ही एवढी नीट पार पाड, मग वरच्या मजल्यावरच्या व्यायामशाळेत नवीन पोरांना शिकवायला तूच. "तुझ्यासारखं हरायला कुणाला येतं?" मालक म्हणाला. "तेही शिकव." खुंट्याने कारखान्यातला आकडा धुऊन-पुसून ठेवायचं मनात धरलं होतं.

समोर होता नवरदेव. वय बावीस, दहा लढती, दहा विजय. रिंगमध्ये यायचा तो पांढऱ्या सोनेरी झग्यात, मागे मामा, शेजारी थोरला भाऊ, नाव पडणारच. मामाच त्याचं सगळं बघायचा. जेवण, झोप, लढती, कागदपत्रं. त्या दुपारी मोठ्या शहरातला एक बडा आयोजक फक्त नवरदेवाला बघायला आला होता. आज जिंकला तर संध्याकाळी करारावर सही, असं मामाने हॉलभर सांगून ठेवलं होतं.

दुपारी तीनला घंटा झाली.

पोरगं खरोखर चांगलं होतं. पहिल्या दोन राउंडमध्ये त्याने खुंट्याचं थोबाड असं घुसळून काढलं की पुढच्या रांगेतल्या बाईने अंगावरच्या रक्ताच्या थेंबांकडे बघत खुर्ची मागे घेतली. डावा, डावा, उजवा. जुनी भुवई उलगडली. तिसऱ्यात एक ठोसा बरगडीत असा बसला की खुंट्याच्या तोंडातून कुत्र्यासारखा आवाज आला. लोक हसले.

कोपऱ्यात मेहुणा होता. त्याचं केस कापायचं दुकान. तुरटी, कापूस आणि जीभ या तिन्हींवर त्याचा हात बसलेला.

"दाजी, हात वर ठेवा. ते तोंड आहे, पायपुसणं नाही."

"डोळा बघ."

"डोळा आहे अजून. आत कुठेतरी आहे. खोलवर."

"थुंकू दे."

"थुंका, पण दात नका थुंकू, मोजलेत मी."

पाचव्या राउंडमध्ये नवरदेव हावरट झाला. लोकांना तोरा दाखवायचा म्हणून हात खाली सोडून आत आला आणि खुंट्याने उजवा मारला. कानाच्या वर, कानशिलावर. बरोबर बसला. मग परत तिथेच.

बघणाऱ्याला ठोसा दिसतो. मारणाऱ्याला तो मनगटात कळतो. दगडावर पडला की लाकडावर, ओल्या भिंतीवर की कोरड्या. हा दुसरा ठोसा खुंट्याच्या कोपरापर्यंत गेला. नवरदेवाचे पाय एकमेकांत अडकले, पापणी लवायच्या आत सुटले, आणि पोरगं उसळून आलं ते पिसाळल्यासारखं. लोकांना वाटलं, वा, काय जिगर! मामा दोरावर मुठी आपटत ओरडत होता, "फाड त्याला! फाड!"

आणि त्याने फाडलं. सहाव्यात खुंटा दोनदा गुडघ्यावर गेला. सातव्यात त्याला नवरदेवाचा खांदा हलताना दिसला, त्यापुढचं काही दिसलं नाही. दिसलं ते छताचे दिवे नि पंचाची मोजणारी बोटं. दहा झाले तेव्हा तो एका हातावर उठत होता. अडुसष्टावी.

उठला, रक्त गिळलं, नवरदेवाचा हात धरून वर केला. "छान मारलंस," म्हणाला. नवरदेव त्याच्याकडे न बघता हसला. नुसतं तोंड हसलं. आणि तो वळला तो भलत्याच बाजूला, जिकडे पायऱ्या नव्हत्या तिकडे. भावाने दंडाला धरून नेला. हॉल नुसता गर्जत होता.

डॉक्टर एकच होता. त्याने नवरदेवाच्या तोंडावर बॅटरी मारल्यासारखी केली, मामाने "एकदम ठणठणीत!" म्हणून त्याची पाठ थोपटली, आणि डॉक्टर खुंट्याची भुवई शिवायला बसला. आठ टाके घालायचे होते. तीन झाले आणि खुंटा उठला.

"अरे, सुई लोंबतेय!"

"आलोच."

नवरदेवाच्या खोलीत दहाबारा माणसं होती. सगळी ओरडत होती. मधे बाकावर नवरदेव भिंतीला टेकून बसलेला, गळ्यात झगा.

"आला आपला बर्फवाला!" थोरला भाऊ म्हणाला. "सरका रे, सेवा करू द्या."

खुंटा त्याच्यासमोर उकिडवा बसला. "काय नवरदेव? कसं वाटतंय?"

नवरदेवाने बराच वेळ घेतला. "आठवा... कधी?"

"काय?"

"आठवा राउंड."

खोलीत हशा फुटला. "बघा, पोराची भूक भागली नाही अजून!" मामा म्हणाला. "खुंट्या, होतोस का परत उभा?"

खुंटा हसला नाही. बर्फाचा तुकडा त्याने पोराच्या डाव्या हातात दिला. धरला. काढून उजव्या हातात दिला. तुकडा घसरून फरशीवर पडला. परत दिला. परत पडला. बोटं त्याच्यावर मिटतच नव्हती. त्याने पोराची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे केलं. उजव्या डोळ्याची बाहुली मुगाएवढी. डाव्याची नाण्याएवढी, काळी.

"डॉक्टरला बोलवा," खुंटा म्हणाला. "गेटवर रुग्णवाहिका आहे. आत्ता न्या याला."

"का, काय झालं?"

"डोक्यात रक्त उतरलंय."

मामाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण आवाज बदलला. "दमलाय तो. सात राउंड खेळलाय. अर्धा तास पडू दे, मग साहेब येतायत सही घ्यायला."

"झोपवू नका त्याला. मी मारलंय त्याला पाचव्यात. कुठे मारलंय ते मला माहीत आहे."

"तू मारलंस?" भाऊ पुढे आला. "तुझ्या ठोशाने माशी उठत नाही!"

"हरलास तो हरलास," मामा म्हणाला, "आता पोराच्या अन्नात माती कालवायला आलास? रुग्णवाहिकेत घातलेल्या पोरावर कोण सही करतो? मला कळत नाही होय तुझा डाव? निकाल फिरवायचाय तुला!"

"मामा, हा मरेल."

"बाहेर काढा रे याला."

तेवढ्यात नवरदेव ओकला. अंगावरच, मान न हलवता, झोपेत ओकावं तसा. मग त्याची मान छातीवर पडली. मामाने दाराला कडी घातली. बाहेरच्याला दिसू नये म्हणून. बेअक्कलपणा म्हणा, हाव म्हणा, भीती म्हणा. पण कडी घातली आणि दारात पाठ लावून उभा राहिला.

अठरा वर्षांत खुंट्याने रिंगबाहेर कुणावर हात टाकला नव्हता. मग टाकला.

भाऊ आधी आडवा आला. त्याला पोटात, उजव्या बाजूला, यकृतावर. तो आवाज न करता दुमडला. दुसऱ्या कुणीतरी लोखंडी स्टूल मारलं, ते खुंट्याच्या पाठीवर बसलं. तो वळला नि असा ठोसा ठेवला की त्या माणसाचं नाक त्याच्याच तोंडात गेलं म्हणा. एकाने शिवलेली भुवई ओढून परत उघडली. एका डोळ्यात रक्त, दुसरा सुजून बंद. तो मामासमोर आला.

"कडी काढ."

"नाही काढणार."

बिनहातमोज्याच्या मुठीचा ठोसा होता. मामाचा जबडा वाळकी फांदी मोडल्यासारखा मोडला, आणि खुंट्याच्या हाताचं एक हाडही. मामा दाराला घासत खाली बसला. खुंट्याने त्याला पायाने बाजूला केलं, वाकून पोराला लादीसारखं खांद्यावर टाकलं नि कडी काढली.

गेटकडे जायला वाट एकच, हॉलमधून. आत पुढची लढत चालू होती. लोकांनी काय बघितलं? हरलेला, रक्ताने माखलेला खुंटा, आणि त्याच्या खांद्यावर लोंबणारा जिंकलेला पोरगा, मागून कुणीतरी बोंबलतंय, "मारलं! नवरदेवाला मारलं त्याने!" एवढं पुरे झालं.

पहिली बाटली कानाजवळून गेली, दुसरी कानावर फुटली. खुर्च्या आल्या. लाथा आल्या. एका म्हाताऱ्याने छत्रीचं टोक त्याच्या मांडीत खुपसलं. खुंट्याने एकही हात वर केला नाही, कारण एका हाताने पोराला आवळलं होतं नि दुसऱ्याने त्याचं डोकं धरलं होतं. सगळं पाठीवर, मानेवर, बरगड्यांवर घेत तो चालत राहिला. कोपऱ्यातून मेहुणा आला, पाण्याची लोखंडी बादली गोल फिरवत.

"सरका! टाळकी फोडीन! दाजी, इकडून! माझ्या मागून!"

"वाट कर."

"करतोय की! ही बादली दुकानातली आहे, चेमटली तर भरून द्याल!"

गेटवर रुग्णवाहिका उभी होती. डॉक्टर मागून धावत आला, शिव्या देतच आला, "जनावर आहेस तू, तुला तुरुंगात..." आणि त्याने अंगठ्याने पोराची पापणी वर केली. शिव्या तिथेच थांबल्या. तो आत चढला, दार ओढलं, गाडी सुटली.

गर्दीला मात्र हे कुणी सांगितलं नाही. ती मागून आलीच. मेहुण्याची बादली गेली, मेहुणा आडवा झाला, आणि मग गेटच्या खांबाशी खुंट्याला तुडवलं. पोलीस येईपर्यंत तुडवलं.

दवाखान्यात बायको आली तेव्हा त्याच्या तीन बरगड्या, एक हात आणि कानाचा उरलासुरला तुकडा यांचा हिशेब लागला होता.

"जिंकलास का हरलास?" तिने विचारलं.

"हरलो."

"मग एवढं कुणी केलं?"

"प्रेक्षकांनी."

ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "पोरगं?"

"कवटी उघडलीय. सकाळी कळेल."

सकाळी कळलं. पोरगं जगलं. पण उजवा हात अर्धामुर्धा राहिला, बोलणं विहिरीतून पोहरा ओढावा तसं, अडत अडत. बॉक्सिंग संपलं. मोठ्या शहरातला साहेब त्याच संध्याकाळी गाडीत बसून गेला होता. हॉलच्या मालकाने निरोप पाठवला: व्यायामशाळेचं विसर.

सहा आठवड्यांनी बॉक्सिंग मंडळाने चौकशी बोलावली. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पाण्याचे पेले. एका बाजूला खुंटा नि मेहुणा. समोर मामा, जबडा तारेने बांधलेला, हातात वही नि पेन्सिल. बोलायचं ते लिहून दाखवायचा. त्याच्याशेजारी नवरदेव आपल्या आईबरोबर, डोक्याला लोकरीची टोपी. कडेला डॉक्टर, मान खाली.

अध्यक्षांनी वाचून दाखवलं. खुंट्याने रिंगबाहेर तिघांना जबर जखमी केलं, कारण काहीही असो. परवाना कायमचा रद्द. खुंट्याने मान हलवली. त्याला ते अपेक्षित होतं.

"तसंच," अध्यक्ष पुढे म्हणाले, "दोन्ही बाजूंनी मारामारी झाल्यामुळे सदर लढत रद्द धरण्यात येते. निकाल नाही. दोघांच्याही खात्यावर नोंद होणार नाही."

मेहुण्याने कोपराने ढोसलं. "दाजी, एक हार कमी झाली!"

खुंट्याने समोर बघितलं. नवरदेवाला वाक्य पोचायला वेळ लागला. पोचलं, आणि त्याच्या तोंडावर असं काहीतरी झालं की त्याच्या आईने त्याचा हात धरला. त्याच्याजवळ त्या लढतीशिवाय आता दुसरं काही नव्हतं, आणि पुढे होणारही नव्हतं.

"रद्द कसली?" खुंटा उठला. "मी हरलोय."

"तो प्रश्न नाही."

"तोच आहे. सातव्या राउंडला मी आडवा झालो. पंचाने दहा मोजले, हॉलभर लोकांनी बघितलं. मारामारी नंतरची. तिच्यासाठी माझा परवाना घेतलात, घ्या. पण माझी हार तुम्ही कशी घेणार?"

"तुमच्या फायद्याचंच आहे हे," अध्यक्ष आवाज खाली आणून म्हणाले.

"फायदा तुमचा आहे साहेब. लढतच झाली नाही म्हटलं की जिंकणाऱ्याला का तपासलं नाही, हे विचारायला कुणाला जागाच राहत नाही. अडुसष्ट वेळा हरलोय मी. एकही फुकटात दिली नाही, एकही विकली नाही. ही त्या पोराने माझी हाडं मोडून घेतलीय. ती त्याच्याकडेच राहणार. नाहीतर मी खाली पत्रकार उभे आहेत त्यांना डॉक्टर कुठे होता ते सांगतो."

मामाने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. तेव्हा डॉक्टर मान न उचलता बोलला, "सातव्या राउंडच्या निकालपत्रावर माझी सही आहे. मी ती काढणार नाही. आणि मी तपासलं नव्हतं, हेही लिहून घ्या."

अध्यक्ष पाणी प्यायले, शेजारच्याशी कुजबुजले, मग त्यांनी कागद फिरवला. शेवटी लेखनिकाकडे बघून म्हणाले, "लिहा. नवरदेव विजयी, सातव्या राउंडमध्ये, एका ठोशात."

"दोन," नवरदेव म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"दोन... ठोसे. पोटात... एक. मग... इथे." त्याने डाव्या हाताने आपली हनुवटी दाखवली.

"काय बोलतोस?" खुंटा म्हणाला. "पहिल्यातच पडत होतो मी. दुसरा पडता पडता लागला असेल, तो धरत नाहीत."

"धरतात."

"अरे, नाही धरत. अठरा वर्षं हाच धंदा केलाय मी."

"तू... बेशुद्ध... होतास." पोराच्या तोंडाची चांगली बाजू वर गेली. "तुला... काय... माहीत?"

मेहुणा हसून हसून टेबलावर पालथा झाला. मामाने वही उचलून अध्यक्षांपुढे धरली; पानभर मोठ्या अक्षरात 'दोन' लिहिलं होतं.

"मग काय लिहू साहेब?" लेखनिकाने विचारलं.

अध्यक्षांनी खुंट्याकडे बघितलं. खुंटा खुर्चीत बसला, बरगड्या सावरत.

"दोन लिहा," तो म्हणाला. "ऐकणार नाही तो."